मनमिळाऊ कोणाला म्हणावं? जेन ऑस्टिनच्या कादंबऱ्यांतला एक शब्द



इंग्रजी शब्दसंपत्तीचा तक्ता बहुतेक शाळांत भिंतीवर असतो, नाहीतर मुलांच्या वहीच्या शेवटच्या पानांवर. त्यात 'एमिएबल' हा शब्द आला की समोर अर्थ ठरलेला: मनमिळाऊ. पुढे समानार्थी म्हणून फ्रेंडली, अफेबल, अग्रीएबल अशी रांग. मुलं पाठ करतात, स्पर्धा परीक्षेत योग्य पर्यायावर खूण करतात, गुण मिळतो आणि शब्द शिकून झाला असं आपण धरून चालतो.

माझं म्हणणं असं की हा शब्द असा शिकवला तर तो शिकवलाच नाही. आणि तोटा फक्त इंग्रजीचा होत नाही. 'मनमिळाऊ' हा आपला मराठी शब्दही आपण असाच सैल हाताने वापरतो, तोही मुलांच्या प्रगतिपत्रकात, जिथे तो वर्षभर मुलाला चिकटून राहतो. हे नीट दाखवणारी माझ्या माहितीतली सर्वांत चांगली लेखिका म्हणजे जेन ऑस्टिन. जन्म 1775, मृत्यू 1817, इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या धर्मोपदेशकाची मुलगी. तिच्या कादंबऱ्यांत 'एमिएबल' हा शब्द सारखा येतो. पण प्रत्येक वेळी तो कोण बोलतंय आणि कोणाबद्दल बोलतंय, हे पाहावं लागतं. न पाहता पुढे गेलात तर कथानकातली निम्मी गंमत हातची गेली म्हणून समजा.

आधी शब्दाचं मूळ थोडक्यात पाहू. 'एमिएबल' फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी लॅटिनमधला 'मित्र' हा शब्द आहे. फ्रेंचमध्ये 'एमाब्ल' नावाचा त्याच्यासारखाच दिसणारा दुसरा शब्द आहे, त्याचं मूळ 'प्रेम करण्याजोगा' असं आहे. इंग्रजीत येताना दोघांची सरमिसळ झाली. ऑस्टिनच्या काळात 'एमिएबल' म्हणजे नुसता हसतमुख माणूस नव्हे, तर ज्याच्यावर जीव लावावा असा, स्वभावाने चांगला माणूस. आज तो शब्द उतरत उतरत 'बोलायला बरा' इथपर्यंत आला आहे. आपण मुलांना आजचा अर्थ सांगतो आणि दोनशे वर्षांपूर्वीचा उतारा वाचायला देतो. मग अर्थ लागणार कसा?

आता 'प्राइड अँड प्रेज्युडिस' घ्या. 1813 सालची ही कादंबरी. त्यातले मिस्टर कॉलिन्स हे बेनेट कुटुंबाचे दूरचे नातेवाईक. बेनेटना पाच मुली आणि मुलगा नाही, त्यामुळे त्यांच्यामागे घर-जमीन या कॉलिन्सकडे जाणार असा त्या इस्टेटीचा करार. हे गृहस्थ एक लांबलचक पत्र लिहून आपण येत असल्याचं कळवतात, आणि आपल्यामुळे तुमच्या 'एमिएबल' मुलींचं नुकसान होणार याचं वाईट वाटतं असंही लिहितात. गंमत ही की या मुलींपैकी एकीलाही त्यांनी तोवर पाहिलेलं नाही! पुढे ते एलिझाबेथला लग्नाची मागणी घालतात, तेव्हाही हाच शब्द वापरतात, आणि तोही हुंडा फार थोडा असल्याने तुझ्या या गुणांचा काही उपयोग होणार नाही, हे सुनावताना. कॉलिन्सच्या तोंडी हा शब्द म्हणजे लग्नपत्रिकेतल्या 'चि. सौ. कां.' सारखा आहे. सगळ्यांना सारखाच लागतो आणि कोणाबद्दल काहीच सांगत नाही.

त्याच कादंबरीत बिंगले आहे. हा खरोखरच सगळ्यांना हवासा वाटणारा तरुण. पहिल्याच नाचाच्या कार्यक्रमात एकही नाच सोडत नाही, कार्यक्रम लवकर संपला म्हणून कुरकुरतो, आपल्या घरी पुढचा ठेवतो म्हणून सांगतो. त्याच्याबद्दल सगळे 'एमिएबल' म्हणतात आणि ते खरंही आहे. पण याच बिंगलेचा स्वभाव इतका नरम की मित्राने आणि बहिणींनी कान भरताच तो लंडनमध्येच राहतो आणि जेनला, जिच्यावर त्याचं मन जडलं आहे तिला, महिनोन् महिने वाट पाहायला लावतो. सगळ्यांशी जमवून घेणाऱ्या माणसाची ही दुसरी बाजू. जो सगळ्यांचं ऐकतो, तो एखाद्याचं नुकसानही ऐकूनच करतो. एलिझाबेथला त्याच्या या सैलपणाचा राग येतो आणि मला तिचा राग पटतो.

बिंगलेचा मित्र डार्सी याच्या अगदी उलट. त्याच नाचाच्या कार्यक्रमात फक्त आपल्याबरोबर आलेल्या दोन बायकांसोबत नाचतो, बाकी वेळ भिंतीला टेकून असल्यासारखा, आणि एलिझाबेथबद्दल तिला ऐकू जाईल असं बोलतो की ठीक आहे, पण मला भुरळ पडावी इतकी देखणी नाही. गावाचं मत तिथल्या तिथे पक्कं होतं. कादंबरी शेवटाला येते तेव्हा हीच एलिझाबेथ वडिलांपुढे उभी राहून डोळ्यांत पाणी आणून सांगते की माझं त्यांच्यावर प्रेम आहे, त्यांच्यात वाईट अहंकार नाही. आणि त्या जागी ती डार्सीसाठी जो शब्द वापरते तो 'एमिएबल', तोही 'पूर्णपणे' असं जोडून.

इथे थांबा आणि आपल्या तक्त्यातला अर्थ बसवून पाहा. 'बाबा, ते अगदी मनमिळाऊ आहेत.' वर्गात हे वाक्य म्हटलं तर मुलंसुद्धा हसतील. डार्सी आणि मनमिळाऊ? जो माणूस नवख्या लोकांत तोंड उघडत नाही, त्याला मनमिळाऊ कसं म्हणणार! म्हणजे एक तर एलिझाबेथचं चुकतंय, नाहीतर आपल्या तक्त्याचं. इथे मराठीत 'माणूस फार भला आहे हो' असंच म्हणावं लागेल, किंवा 'मनाचे फार चांगले आहेत'. शब्दाला शब्द ठेवून भाषा शिकवता येत नाही, हे प्रशिक्षणात आपण शंभरदा ऐकलेलं असतं. ते का, हे या एका जागेवरून मुलांना पाच मिनिटांत कळतं.

पण याहून नेमकी जागा 'एमा' या कादंबरीत आहे. ती डिसेंबर 1815 मध्ये बाजारात आली. त्यात फ्रँक चर्चिल नावाचा तेवीस वर्षांचा तरुण आहे. लहानपणीच तो श्रीमंत मामाकडे दत्तक गेला. वडिलांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा रीत म्हणून तरी नव्या आईला भेटायला यायला हवं होतं. हा येत नाही. मात्र पत्र पाठवतो, आणि ते पत्र इतकं सुंदर की सगळ्या हायबरी गावात त्याचीच चर्चा. एमा म्हणते, मामी सोडत नसेल, बिचारा काय करणार. मिस्टर नाइटली म्हणतात, समुद्रकाठच्या गावांना मौज करायला जायला बरी फुरसत मिळते. कर्तव्य करायचं मनात असेल तर माणूस करतोच. आणि मग ते जे बोलतात त्याचा आशय असा: हा तरुण फ्रेंच अर्थाने 'एमाब्ल' असेल, वागायला सफाईदार, सहवासाला गोड, पण इंग्रजी अर्थाने 'एमिएबल' नाही, कारण दुसऱ्याच्या मनाला काय वाटेल याची नाजूक जाण त्याच्यात नाही.

एका शब्दाचे दोन तुकडे करून लेखिकेने अख्खी कादंबरी त्यावर तोलली आहे. (फ्रेंच माणसांना हे कितपत रुचेल कोण जाणे. इंग्लंड-फ्रान्सचं दीर्घ युद्ध 1815 सालीच संपलं होतं, त्याची झाक या बोलण्यात असणारच.) आणि पाहा, आपल्याला हा फरक करायला परभाषा लागतच नाही. मराठीत 'लाघवी' हा शब्द आहे. लाघवी माणूस बोलता बोलता आपलंसं करतो, त्याच्या गोड बोलण्यापुढे आपलं काही चालत नाही. शब्द वाईट नाही, लहान मुलाला आपण कौतुकाने लाघवी म्हणतो. पण मोठ्या माणसाला म्हणताना आवाजात थोडी सावधगिरी येते, नाही का? आणि 'मनमिळाऊ' मध्ये मन आहे. मन मिळायचं तर समोरच्याच्या मनात काय चाललंय ते आधी कळावं लागतं. फ्रँक लाघवी आहे. मनमिळाऊ आहे का, हे कादंबरी पुढे तपासत बसते.

तपासते कशी? उपदेश न करता, त्याला वागायला लावून. फ्रँक येतो, सगळं गाव त्याच्या प्रेमात पडतं. एके दिवशी केस कापायला म्हणून तो सोळा मैलांवरच्या लंडनला जाऊन येतो. लोक हसतात, तरुणपणाचा खुळेपणा म्हणून सोडून देतात. खरं कारण पुढे उघड होतं: जेन फेअरफॅक्स या मुलीशी त्याचं लग्न गुपचूप ठरलेलं आहे आणि तिच्यासाठी नाव न सांगता पियानो धाडायला तो गेला होता. त्या भेटीमुळे गावभर कुजबुज सुरू होते, जेन अवघडून जाते, आणि हा पठ्ठ्या एमासोबत त्याच कुजबुजीत भाग घेतो! पुढे बॉक्स हिल या टेकडीवर सहलीला गेल्यावर जेनच्या देखत तो एमाशी नको तितकी सलगी करतो. सगळ्या मंडळींना हसवायचा त्याचा प्रयत्न चाललेला असतो आणि एक मुलगी तिथे गप्प बसून आतल्या आत तुटत असते. नाइटलींनी कित्येक महिने आधी, त्याला न पाहता उच्चारलेलं वाक्य इथे खरं ठरतं.

तरी ऑस्टिन नाइटलींनाही सोडत नाही, आणि मला ती यासाठी फार आवडते. फ्रँकवर बोलताना त्यांचा आवाज कारणाहून जास्त चढतो. एमालाही नवल वाटतं की एरवी इतका समतोल माणूस आज असा का बोलतो. कारण वाचकाला पुढे कळतं: त्यांचं स्वतःचं एमावर प्रेम आहे. मत बरोबर होतं, पण मत देणारा निर्विकार नव्हता. वर्गाच्या नोंदी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही जागा दोनदा वाचावी अशी आहे. आपल्याला सकाळी येऊन 'गुड मॉर्निंग, बाई' म्हणणारा मुलगा आपल्याला आवडतो, ते त्याच्याबद्दल काही सांगतं तसं आपल्याबद्दलही सांगतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. 2010 पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि वर्णनात्मक नोंदी आल्या. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक असे रकाने. हेतू उत्तम होता: मुलाकडे आकड्यापलीकडे पाहा. प्रत्यक्षात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. नोंदींच्या तयार याद्या व्हॉट्सअॅपवर फिरतात, सत्र संपताना चाळीस-पन्नास मुलांची पत्रकं भरायची असतात, त्यात निवडणुकीची नाहीतर सर्वेक्षणाची कामं डोक्यावर. मग बोलक्या मुलांना 'स्वभाव मनमिळाऊ आहे' आणि अबोल मुलांना 'इतरांमध्ये मिसळावे'. शिक्षकाला दोष द्यायचा म्हणून मी हे म्हणत नाही, वेळ खरोखरच नसतो. पण ही वाटणी बिंगले आणि डार्सीची आहे, पहिल्या नाचाच्या रात्रीची! 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चा पहिला खर्डा ऑस्टिनने विशी-एकविशीत लिहिला, तेव्हा त्याला नावच मुळी 'फर्स्ट इम्प्रेशन्स' दिलं होतं. आपण तीच पहिली छाप छापील पत्रकावर उतरवतो, खाली सही करतो आणि पालकांच्या हातात देतो.

पालक ती कशी वाचतात? 'मिसळत नाही' हे वाचून घरी त्या मुलाला पाहुण्यांसमोर उभं करतात, 'बोल ना, काकांशी बोल, शाळेत पण असाच करतोस म्हणे.' मूल आणखी आत जातं. आणि मनमिळाऊ लिहिलेल्या मुलाबद्दल कोणी काही विचारतच नाही. तो मधल्या सुट्टीत कोणाला खेळायला घेत नाही, कोणाच्या आडनावावरून, कपड्यांवरून हसू पिकवतो, हे पाहायची गरज कोणाला वाटत नाही, कारण शिक्षकांशी तो छान बोलतो.

ऑस्टिनच्या एलिझाबेथला विकहॅमच्या बाबतीत नेमकी हीच अडचण येते. विकहॅम देखणा, बोलायला गोड, पहिल्या संध्याकाळी शेजारी बसून मनातलं सगळं सांगितल्यासारखा बोललेला. डार्सीने आपल्यावर कसा अन्याय केला तेही त्याने तेव्हाच सांगून टाकलं. पुढे डार्सीचं पत्र येतं, विकहॅमची दुसरी बाजू कळते, तेव्हा ती आठवायला बसते: या माणसाने केलेली चांगुलपणाची एखादी गोष्ट, एखादं तरी उदाहरण? त्याचा चेहरा आठवतो, बोलण्याची ढब आठवते, गावाचं अनुकूल मत आठवतं. कृती एकही आठवत नाही. आणि अनोळखी बाईजवळ पहिल्याच भेटीत कोणी असं बोलतं का, हा प्रश्नही तिला तेव्हा प्रथम पडतो.

मी सहकाऱ्यांना हीच कसोटी सुचवते. एखाद्या मुलापुढे 'मनमिळाऊ' लिहिण्याआधी एक प्रसंग आठवायचा. आठवला तर शब्द सोडून प्रसंगच लिहायचा: 'नवीन आलेल्या मुलीला डब्याला स्वतःजवळ बसवून घेते.' 'गटकार्यात ज्याला वाचता येत नाही त्याला चित्राचं काम देतो, त्याला वगळत नाही.' रकान्यात तेवढी जागा असते. आणि असे प्रसंग शोधायला लागलं की नावं बदलतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे. मागच्या बाकावर न बोलता बसलेली, पण दुसऱ्याचं पडलेलं दप्तर उचलून ठेवणारी मुलं दिसायला लागतात.

डार्सीच्या बाबतीत हे काम त्याच्या घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस रेनल्ड्स करतात. एलिझाबेथ मामा-मामींसोबत पेंबर्ली पाहायला जाते, तेव्हा त्या सांगतात की मालकांना त्या चार वर्षांचे असल्यापासून ओळखतात आणि आजवर त्यांच्या तोंडून एक कठोर शब्द आला नाही. गोरगरिबांशीही ते वडिलांसारखेच 'अफेबल' वागतात. हा शब्दही लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'अफेबल' म्हणजे वरच्या पायरीवरचा माणूस खालच्यांशी मोकळेपणाने बोलतो तेव्हाचा गुण. म्हणूनच कॉलिन्स तो शब्द आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरीनसाठी वापरतात तेव्हा हसू येतं, त्या बाई तर उठल्यासुटल्या समोरच्याला त्याची पायरी दाखवत असतात. तक्त्यात मात्र 'एमिएबल' आणि 'अफेबल' शेजारी शेजारी, अर्थ एकच. असो. मुलांबद्दलही मत हवं असेल तर शिक्षकांशी कसं वागतो यापेक्षा शाळेच्या मावशींशी, लहान वर्गातल्या पोरांशी कसं वागतो ते पाहिलेलं बरं. मिसेस रेनल्ड्सना माहीत होतं ते बॉल पाहून आलेल्या गावाला कधीच कळलं नसतं.

यावर कोणी म्हणेल, मग काय अबोलपणाचं कौतुक करायचं? मुलांना बोलायला शिकवायचं नाही? ऑस्टिन तसं म्हणत नाही. रोझिंग्ज इथल्या एका संध्याकाळी डार्सी सांगतो की अनोळखी माणसांशी सहज बोलायची हातोटी माझ्याकडे नाही. एलिझाबेथ तेव्हा पियानो वाजवत असते. ती उत्तर देते त्याचा अर्थ असा की माझी बोटंही या पट्ट्यांवर सराईतासारखी फिरत नाहीत, पण तो दोष मी माझाच धरते, कारण मी सराव केलेला नाही. शिक्षकाला याहून चांगलं उत्तर मिळायचं नाही. लोकांशी बोलणं हे कौशल्य आहे, ते सरावाने येतं आणि शिकवायलाच हवं. परिपाठात, गटचर्चेत, छोट्या छोट्या संधी देऊन. पण कौशल्य कच्चं आहे म्हणून मन कोतं आहे असं लिहायचं नाही, आणि कौशल्य पक्कं आहे म्हणून मन मोठं आहे असंही नाही.

मराठीतला '-आऊ' हा प्रत्यय मुलांना दाखवताना याच बेताने खेळ घेता येतो. टिकाऊ, लढाऊ, विकाऊ, दिखाऊ, मनमिळाऊ. फळ्यावर ओळीने लिहा आणि विचारा, मनमिळाऊ माणूस टिकाऊ असतो की दिखाऊ, हे कसं ओळखाल? सातवी-आठवीची मुलं यावर अर्धा तास भांडतात. इंग्रजी जरा बरं असलेल्या नववी-दहावीच्या मुलांना ऑस्टिनची मूळ कादंबरीच द्या. स्वामित्वहक्काची मुदत कधीच संपल्यामुळे तिच्या कादंबऱ्या प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचायला मिळतात. संगणकावर ती उघडून 'एमिएबल' हा शब्द शोधायला सांगा आणि प्रत्येक ठिकाणी तीनच गोष्टी वहीत लिहायला सांगा: कोण म्हणालं, कोणाबद्दल, आणि त्या माणसाने तोवर काय केलं होतं. पूर्ण कादंबरी वाचायची सक्ती नको. शब्दाच्या मागे मागे जाऊन काहीजण आपणहून वाचायला लागतात.

वडिलांपुढच्या त्या प्रसंगात एक बारकी गोष्ट आहे, ती वर्गात सुटू देऊ नका. एलिझाबेथने 'एमिएबल' म्हटल्यावर मिस्टर बेनेटना लगेच पटत नाही. ज्याच्याबद्दल आदर वाटणार नाही अशा माणसाशी लग्न करू नकोस, असं ते कळवळून सांगतात. मग ती सविस्तर बोलते: आपलं मत हळूहळू कसं बदलत गेलं, त्याचं प्रेम एका दिवसाचं नाही, कित्येक महिने अनिश्चितता सोसून ते टिकलेलं आहे, त्याच्यात काय काय गुण आहेत. आणि शेवटी, धाकट्या लिडियाचं लग्न लावून देण्यासाठी त्याने कोणालाही न सांगता किती पैसे ओतले आणि किती धावपळ केली, ते सांगते. वडील थक्क होतात.